माझा फोटो मी निवडला नाही

अकरा वर्षं माझ्या प्रोफाइलवर एकच फोटो होता. कुठल्याशा परिषदेच्या ओळखपत्रासाठी घाईत काढलेला. मागे पांढरी भिंत, ओठ मिटलेले, नजर थेट समोर. मी समुपदेशक आहे. माझ्याकडे माणसं येतात ती बहुतेक वेळा त्यांच्या अगदी कठीण दिवसांत, आणि येण्याआधी माझ्याबद्दल त्यांच्या हाती असतं ते नाव, शिक्षण आणि तो फोटो. त्या फोटोकडे मी स्वतः कित्येक वर्षं धड पाहिलंही नव्हतं.

गेल्या वर्षी एका बाईंबरोबरचं काम संपत आलं होतं. शेवटच्या भेटीत, दाराशी पोचल्यावर, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "एक सांगू का? तुमचा नंबर तीन महिने माझ्याकडे पडून होता. फोटो पाहिला की वाटायचं, या बाई रागावतील. मग फोन ठेवून द्यायचे." (हे इथे लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं, त्यांनी आनंदाने हो म्हटलं.) त्या हसत निघून गेल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. तीन महिने त्या एकट्या सोसत राहिल्या, आणि त्याला माझा एक फोटो थोडा तरी कारण होता. ज्यांनी फोन केलाच नाही, त्यांच्याबद्दल तर मला कधी कळणारही नाही.

तेव्हा हे परीक्षण आहे व्यावसायिक प्रोफाइल फोटो काढून देणाऱ्या एका छोट्या स्टुडिओच्या सत्राचं. स्टुडिओचं नाव लिहीत नाही, कारण खाली दोन तक्रारीही आहेत, आणि मला सांगायचंय ते त्यांच्या पद्धतीबद्दल. ती पद्धत कुठल्याही चांगल्या फोटोग्राफरकडे मागून घेता येईल, आणि निम्मी तर घरीही करता येईल.

स्टुडिओत जाण्याआधी जे करून पाहिलं ते आधी सांगते. पहिल्यांदा हात लांब करून फोनवर चाळीसेक फोटो काढले. प्रत्येकात नाक पुढे आलेलं आणि कान मागे सरकलेले. मला वाटलं, आपण असेच दिसायला लागलो असू. पण हा सगळा अंतराचा परिणाम आहे. फोन चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला आणि नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर १२ सेंटिमीटर मानलं, तर कान कॅमेऱ्यापासून ४२ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे नाकापेक्षा ४० टक्के जास्त लांब. जवळची गोष्ट मोठी दिसणारच. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की आकडे होतात १५० आणि १६२, आणि फरक येतो ८ टक्क्यांवर. चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरच्या एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली हेच गणित मांडलं होतं: १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे फोन वाईट नसतो. तो कुणाच्या तरी हातात द्या, त्या माणसाला पाचसहा फूट मागे उभं करा आणि नंतर फोटो कापून जवळ आणा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरा प्रयत्न एआयचा. आपले पंधरा फोटो द्यायचे, तासाभरात साठ 'व्यावसायिक' फोटो परत येतात. बघताक्षणी छान वाटलं, हे कबूल करते. मग एकेक मोठा करून पाहिला. एका फोटोत दोन कानांत दोन वेगळी कर्णफुलं. एकात कोटाची कॉलर गळ्याशी मानेच्या कातडीतच विरघळलेली. दात माझे नव्हते. माझ्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची एक खूण आहे, तिथे केस उगवत नाहीत. साठातल्या एकाही फोटोत ती नव्हती. माझ्या बहिणीला चार फोटो पाठवले. तिने विचारलं, "कोण गं या?" तिथेच मी ते ॲप काढून टाकलं. भेदरलेलं माणूस माझ्या दारात येणार, फोटोतला चेहरा शोधणार, आणि समोर दुसरीच बाई उभी असणार. पहिल्याच मिनिटाला विश्वासाला तडा. इतर व्यवसायांत हे चालत असेल, माझ्या कामात मला ते अजिबात मान्य नाही.

मग हा स्टुडिओ. नोंदणी केल्यावर त्यांनी आधी एक प्रश्नपत्रिका पाठवली. कपड्यांबद्दल त्यात फक्त दोन ओळी होत्या: बारीक चौकडी किंवा बारीक रेघा नकोत, आणि गळ्याचे तीन वेगळे प्रकार आणा. (बारीक चौकडी पडद्यावर लहान झाली की तिच्यावर पाण्यासारख्या लाटा दिसायला लागतात. माझ्या एका जुन्या फोटोत हा प्रकार होता आणि मी तो कॅमेऱ्याचा दोष समजत आले होते.) बाकी सगळे प्रश्न बघणाऱ्याबद्दल होते. हा फोटो कोण पाहणार? त्या वेळी ते कुठल्या मनःस्थितीत असतील? फोटो पाहून त्यांनी पुढे काय करावं अशी तुमची इच्छा आहे? तिसऱ्या प्रश्नाशी मी बराच वेळ थांबले. मी लिहिलं, "फोन उचलावा."

सत्र दोन तासांचं होतं. फोटोग्राफर पन्नाशीचे, कमी बोलणारे. पहिला अर्धा तास कॅमेऱ्याला हातच लावला नाही. माझ्या कामाबद्दल विचारत राहिले आणि मध्येमध्ये दिव्याची जागा बदलत राहिले. मुख्य दिवा एकच, मोठ्या पांढऱ्या कापडाच्या पेटीतला, माझ्या डोळ्यांपेक्षा थोडा वर आणि बाजूला. हनुवटीखाली पांढरा बोर्ड, म्हणजे डोळ्यांखालच्या सावल्या भरून निघतात. मागचा राखाडी पडदा माझ्यापासून चांगला दोन मीटर लांब. भिंतीला चिकटून उभं राहिलं की मागे जी काळी सावली उमटते ती त्यामुळे आली नाही. अकरा वर्षांच्या त्या फोटोत हीच सावली माझ्या उजव्या कानामागे होती, आता दिसते.

चष्म्यात त्यांचा बराच वेळ गेला, आणि तो गेला याचं मला फार बरं वाटलं. चष्मा काढा, असं सगळे सांगतात. मी चष्म्याशिवाय कुणालाच भेटत नाही, तर फोटोत का काढायचा? त्यांनी दिवा आणखी वर घेतला, मग माझ्या चष्म्याच्या काड्या कानांवरून अगदी किंचित, तांदळाच्या दाण्याएवढ्या, वर उचलल्या. काचा तेवढ्या खाली झुकल्या आणि त्यांवरचा पांढरा डाग एकदम गेला. डोळे दिसायला लागले, बुबुळांत दिव्याचा चौकोनी ठिपकाही दिसायला लागला. तो ठिपका नसेल तर डोळे विझल्यासारखे वाटतात. त्यांनी मला दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले, एक ठिपक्यासह, एक त्याविना. चेहरा तोच, हसूही जवळपास तेच, पण दुसऱ्यातल्या बाईला मी माझी अडचण सांगितली नसती.

हसण्याबद्दल मला धाकधूक होती. "हसा" म्हटलं की माझे ओठ ताणले जातात आणि डोळे जागचे हलत नाहीत. त्यांनी एकदाही "हसा" म्हटलं नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, बटण त्यांच्या हातात, आणि स्वतः बरोबर लेन्सच्या वर चेहरा आणून उभे. म्हणाले, "मॅडम, पहिल्यांदाच येणारा माणूस आहे. दारात उभा आहे, आत यावं की नाही हे त्याचं ठरत नाहीये. तुम्ही काय म्हणता त्याला?"

मी म्हटलं, "या ना. बसा."

बोलताना नाही, बोलून झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. तोंड मिटत आलेलं, पण त्या शब्दांनी चेहऱ्यावर जे आणलं ते अजून उतरलेलं नव्हतं. मग असं पंचवीस-तीस वेळा झालं. दर वेळी दारातला माणूस वेगळा: एकदा खूप रडून आलेला मुलगा, एकदा नवऱ्याने बळेच पाठवलेली बाई, एकदा उशीर झाला म्हणून चारचारदा माफी मागणारे आजोबा. मी प्रत्येकाला खरोखर आत बोलावत होते. अर्ध्या तासाने मला कॅमेऱ्याचं भानच राहिलं नव्हतं.

शरीराबद्दल सूचना दोनच होत्या. कपाळ किंचित पुढे, हनुवटी जराशी खाली. उभं राहिल्या जागी हे फार विचित्र वाटतं, कासव मान काढतं तसं. पण समोरून पाहिलं की जबड्याची रेघ स्पष्ट होते आणि मान वर ओढल्यासारखी दिसत नाही. आणि खांदे थोडे तिरके, चेहरा मात्र सरळ. कोट पाठीवर सैल होता तर त्यांनी मागून दोन चिमटे लावले. बस, बाकी शरीराला हात नाही.

आता निवडीकडे येते. हे सगळं मी लिहायला घेतलं ते खरं तर या भागासाठी.

एकूण १८६ फोटो निघाले. डोळे मिटलेले, धूसर, केस तोंडावर आलेले काढून त्यांनी १२ माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "तुमचे आवडते तीन निवडा, क्रमांक कागदावर लिहा, आणि हा कागद पाकिटात बंद करा." मी ३, ९ आणि ११ लिहिले. तीन नंबर मला मनापासून आवडला होता. चेहरा रेखीव, ओठ मिटलेले, मान लांब, सुरकुत्या जवळजवळ नाहीत.

नंतर त्यांनी सांगितलं की तेच बारा फोटो पाच अशा लोकांना पाठवायचे, जे मला ओळखत नाहीत. मैत्रिणीच्या ऑफिसातले, भावाच्या शेजारचे, कुणीही. फोटो मोठा करून नाही, फोनवर अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो तसाच, गोल चौकटीत. आणि "कुठला चांगला आहे?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "तुमचं मन फार अस्वस्थ असेल तर यातल्या कुणाकडे जाल?"

पाचांपैकी चौघांनी सात नंबर निवडला. पाचव्याने आठ. माझ्या पाकिटातला एकही आकडा कुणी घेतला नव्हता. तीन नंबरबद्दल एकीने आपणहून लिहिलं होतं, "या परीक्षा घेतील असं वाटतं." मला त्या दाराशी थांबलेल्या बाई आठवल्या. मी पुन्हा, नव्या उजेडात, नव्या कोटात, तोच रागावणारा फोटो निवडून बसले होते.

सात नंबर मी पहिल्याच नजरेत बाजूला टाकला होता. त्यात माझा डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा बारीक झालाय, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचा पंखा उघडलाय, मानेवर दोन आडव्या रेघा. मला त्यात फक्त या रेघा दिसत होत्या. त्या पाच जणांना माझी मान ठाऊकच नव्हती. त्यांना दिसली ती "या ना, बसा" म्हणणारी बाई.

घरी आल्यावर मी यावर वाचलं, कारण हे माझ्याच बाबतीत घडतंय की सगळ्यांच्या, हे मला जाणून घ्यायचं होतं. सगळ्यांच्याच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला आहे. स्वतःच्या चेहऱ्याच्या १२ फोटोंतून माणसाने स्वतः निवडलेले फोटो आणि अनोळखी लोकांनी त्याच्यासाठी निवडलेले फोटो, यांत तिसऱ्या लोकांवर जास्त चांगली छाप पडली ती अनोळखी लोकांनी निवडलेल्यांची. आपण आपल्या चेहऱ्याला इतके सरावलेलो असतो की नवखा माणूस काय पाहील हे आपल्याला उमजत नाही. त्यात आरशाची भर आहे. १९७७ सालचा एक जुना प्रयोग आहे: माणसांना स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो जास्त आवडतो आणि त्यांच्या मित्रांना सुलटा. मला सात नंबरमधला भांग 'चुकीच्या' बाजूला वाटत होता त्याचं कारण हे. जग माझा भांग रोज त्याच बाजूला पाहतं.

आणखी एक प्रयोग माझ्या मनात घर करून बसला आहे. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना चेहऱ्यांचे ४० फोटो दिले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. फोटो दोनच बायकांचे होते, प्रत्येकीचे वीस. त्यांना न ओळखणाऱ्यांनी सरासरी सातआठ गठ्ठे केले. म्हणजे अनोळखी माणसाला माझे दोन फोटो दोन बायकांचे वाटू शकतात. मग "फोटो काय, चेहरा तर तोच" असं मी अकरा वर्षं कशाच्या जोरावर म्हणत होते? आणि वेळही किती थोडा असतो. प्रिन्स्टन विद्यापीठातला २००६ चा अभ्यास सांगतो की सेकंदाच्या दहाव्या भागात चेहरा दिसला तरी माणसं विश्वासार्हतेचा अंदाज बांधून मोकळी होतात, आणि जास्त वेळ दिला तरी तो अंदाज फारसा बदलत नाही, त्याबद्दलची खात्री तेवढी वाढते. हा अंदाज बरोबर असतो असं मुळीच नाही. माझ्या बाबतीत तो साफ चुकला होता. पण फोन करायचा की नाही, हे त्याच अंदाजावर ठरत होतं.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. सत्राआधी सही करायच्या अर्जात, "हे फोटो स्टुडिओच्या जाहिरातीसाठी वापरण्यास माझी संमती आहे" या ओळीपुढे आधीच खूण करून ठेवलेली होती. मी सवयीने प्रत्येक ओळ वाचते म्हणून दिसली. खोडायला सांगितल्यावर त्यांनी कुरकुर न करता खोडली, पण संमती ही मागून घ्यायची गोष्ट आहे. बरेच लोक न वाचता सही करतात आणि मग स्वतःचा चेहरा कुठल्यातरी जाहिरातीत पाहतात. हे त्यांना मी तोंडावर सांगितलं आणि नंतर लिहूनही कळवलं.

दुसरी तक्रार रिटचिंगची. आलेल्या पहिल्या फाइलमध्ये सात नंबरच्या सुरकुत्या पुसट केलेल्या, मानेवरच्या रेघा गेलेल्या, आणि भुवईतली खूण भरून काढलेली. ज्या फोटोला चौघांनी कौल दिला तो हा उरलाच नव्हता! मी परत पाठवला आणि लिहिलं की चार दिवसांत जाईल ते काढा, म्हणजे हनुवटीवरची पुटकुळी. जे माझ्याबरोबर कायम राहणार आहे ते राहू द्या. दुसरी फाइल तशी आली, पण या सगळ्यात ठरलेल्या तारखेपेक्षा नऊ दिवस उशीर झाला. रिटचिंग किती करायचं हे प्रश्नपत्रिकेतच विचारलं असतं तर दोघांचेही श्रम वाचले असते.

एक बारीकशी गोष्टही सांगून ठेवते. त्यांनी चौकोनी फोटो कापला तेव्हा डोकं वरच्या कडेला अगदी टेकलं होतं. लिंक्डइनसारख्या ठिकाणी चौकोनाचं वर्तुळ होतं आणि चारही कोपरे जातात; तिथे माझे केस कापले गेले. डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडून वेगळी फाइल मागा. लिंक्डइनला किमान ४०० बाय ४०० पिक्सेल लागतात, मोठी फाइल असली तर उत्तमच, फक्त ८ एमबीच्या आत ठेवा.

हे सत्र कुणी घ्यावं? ज्यांचा चेहरा पाहून कुणीतरी मदत मागायची की नाही हे ठरवतं, त्या सगळ्यांनी: डॉक्टर, वकील, शिक्षक, माझ्यासारखे समुपदेशक. नोकरी शोधणाऱ्यांनाही उपयोग होईल, पण त्यांना स्टुडिओच हवा असं मला वाटत नाही. मोठी खिडकी, तिच्याकडे तिरकं तोंड, पाचसहा फुटांवर फोन धरणारी मैत्रीण, आणि नंतर पाच अनोळखी माणसं. यातलं शेवटचं मात्र कुणी गाळू नका. प्रश्न तेवढा आपल्या कामाप्रमाणे बदला, हिशेबनीस असाल तर विचारा, "यातल्या कुणाच्या हाती तुमचे कागद द्याल?"

सात नंबर लावून आता पाच महिने झाले. फोन वाढले का, हे मी मोजलेलं नाही, आणि वाढले तरी ते फोटोमुळेच असं म्हणणार नाही. गेल्या महिन्यात एक तरुण पहिल्यांदा आला. मी दार उघडलं, तो क्षणभर माझ्या भुवईकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हां, तुम्हीच." मी म्हटलं, या ना, बसा.

जुना फोटो अजून एका संस्थेच्या यादीत आहे. तो काढावा म्हणून त्यांना दोन पत्रं लिहिली आहेत. तिसरं आज लिहिते.